‘सगळंच काढून टाका’ म्हणण्याआधी

घाट उतरून परतवाड्याला सोनोग्राफी करून आलेली मुलगी माझ्यासमोर बसते, तेव्हा रिपोर्ट बहुधा तिच्या हातात नसतो. तो काकांच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात असतो. “ओव्हरीत गाठ हाय म्हणते. सारंच काढून टाकू का डॉक्टरसाहेब? पुन्हा पुन्हा कोन खर्च करीन?” मुलगी खाली बघत असते. वय एकोणीस-वीस.

मी फिजिशियन, चाकू माझ्या हातात नसतो. पण ऑपरेशननंतरच्या पुढच्या तीस वर्षांच्या तक्रारी माझ्याकडेच येतात, म्हणून हे लिहितोय. तरुण स्त्रीची गाठ काढताना ओव्हरी वाचवणं ही चैन नाही, तो उपचाराचाच भाग आहे.

काही वर्षांपूर्वी चोवीस वर्षांची एक बाई आली. अंगातून वाफा निघतात, झोप नाही. जुन्या कागदांत पॅथॉलॉजीचा रिपोर्ट होता: दोन्ही बाजूंना डर्मॉइड. ही साधी गाठ, आत केस, चरबी, कधी दातही असतात. अशी गाठ सोलून काढून ओव्हरी बहुतेकदा ठेवता येते. हिच्या दोन्ही ओव्हऱ्या काढल्या होत्या. “पाळी सुरू व्हायची गोळी द्या,” म्हणाली. गोळीने पाळी येईल, पण स्वतःच्या बीजापासून मूल होणार नाही, हे तिला पहिल्यांदा मी सांगितलं. हाडं ठिसूळ होतील, हृदयाला धोका वाढेल, हेही तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

पाळी चालू असलेल्या वयात पाच सेंटिमीटरपर्यंतची, नुसतं पाणी भरलेली गाठ बहुतेकदा आपोआप जिरते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायची, एवढंच. मात्र एका बाजूला अचानक असह्य दुखलं आणि उलट्या झाल्या, तर सकाळची वाट बघू नका. गाठीच्या वजनाने ओव्हरीला पीळ बसलेला असू शकतो. अशा वेळी काही तास मोलाचे असतात, आणि आपल्याला घाटही उतरायचा असतो. पीळ सोडवला की काळीनिळी दिसणारी ओव्हरीसुद्धा पुष्कळदा जगते.

आता माझ्या विषयातली गोष्ट. पोटात पाणी, वजन घटलेलं, ओव्हरीजवळ गाठ आणि सीए-१२५ वाढलेलं, एवढं दिसलं की घरात रडारड सुरू होते. पण पोटाचा टीबी हुबेहूब असाच दिसतो, आणि सीए-१२५ टीबीतही वाढतं. एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतं, पाळीच्या दिवसांतही वाढू शकतं. टीबी निघाला तर निदानासाठी तुकडा घ्यावा लागेल कदाचित, पण पुढचा इलाज गोळ्यांचा. त्या एका आकड्यावर कोणी पोट उघडायला निघालं, तर आधी टीबीचा विचार झाला का, ते विचारा.

आणि खरंच कॅन्सर असला तर? विशीतल्या मुलींमध्ये बरेचदा जर्म सेल जातीची गाठ असते. हिच्यात सहसा एका बाजूची ओव्हरी आणि नळी काढतात, गर्भाशय आणि दुसरी ओव्हरी ठेवतात, गरजेप्रमाणे केमो देतात. यातून बऱ्या झालेल्या पुष्कळ मुलींची पाळी परत येते आणि त्या आईही होतात. पाळी गेलेल्या बाईच्या कॅन्सरचं गणित वेगळं असतं. तिथे दोन्ही ओव्हऱ्या आणि गर्भाशय काढणंच बहुधा योग्य. साठीच्या आत्याचं जे केलं तेच पुतणीचं करायचं नसतं.

संशयाची गाठ बाहेरून सुई घालून फोडू देऊ नका, आतलं पोटात पसरू शकतं. असं ऑपरेशन कॅन्सर सर्जनकडे करावं, त्यासाठी नागपूर गाठावं लागलं तरी. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमो दोन्ही बसतात. स्त्रीबीजं गोठवून ठेवायची असतील तर ती चौकशी केमोच्या पहिल्या सलाईनच्या आधी करायची. नंतर विचारणारेच जास्त भेटतात.

‘काढून टाका’ ही सवय किती खोल गेली आहे ते बीडने दाखवलं. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. तिथे प्रश्न गर्भाशयाचा होता, पण ‘कटकट नको’ हा विचार तोच.

म्हणून संमतीपत्र वाचा. ‘गरज पडल्यास गर्भाशय व दोन्ही बीजांडकोश काढण्यास संमती’ अशी ओळ त्यात असेल, तर गरज म्हणजे नक्की काय ते सर्जनकडून समजून घ्या. भूल असतानाच तुकडा तपासून घेण्याची सोय आहे का, हेही विचारा. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका बाईचं गर्भाशय आणि ओव्हऱ्या तिच्या आईच्या संमतीवर काढल्या गेल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलं की ती संमती चालत नाही. जीवाला लगेच धोका नसेल तर सज्ञान बाईची स्वतःची संमती हवी. तेव्हा काका, नवरोबा, तो रिपोर्ट आधी तिच्या हातात द्या.