हिशेबाच्या वहीतील संहार

नाझी जर्मनीत ज्यूंचा जो छळ झाला, त्याची कारणे सांगताना वंशद्वेषाच्या उन्मादावर भर दिला जातो, आणि ते यथार्थच आहे. तथापि विषारी वायूच्या कोठड्यांपर्यंत जाण्यापूर्वी हा छळ कोषागारे, बँका व विमा कंपन्यांच्या कचेऱ्यांतून गेला होता, हे विसरता कामा नये.

प्रारंभ कायद्याने झाला. एप्रिल १९३३ मध्ये ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारण्यात आला. त्याच महिन्यात, काही अपवाद वगळता, सरकारी नोकरीतून त्यांची हकालपट्टी करणारा कायदा झाला. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी त्यांचे नागरी हक्क हिरावले. २६ एप्रिल १९३८ च्या फर्मानाने ५,००० मार्कांहून अधिक मालमत्तेची नोंद प्रत्येक ज्यूवर सक्तीची केली. ही यादी कशासाठी होती, ते त्याच वर्षी कळले. ९ नोव्हेंबरच्या रात्री सिनेगॉग जाळली गेली, दुकाने फोडली गेली व सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांची छळछावण्यांत रवानगी झाली. पॅरिसमधील एका जर्मन अधिकाऱ्याच्या हत्येचे निमित्त करून १२ नोव्हेंबरला गोअरिंगने ज्यू समाजावरच १०० कोटी मार्कांचा दंड बसवला. मोडतोडीच्या विम्याची रक्कमही सरकारने गिळंकृत केली. दंडाची वसुली एप्रिलमधील नोंदींच्या आधारे झाली: आधी मालमत्तेचा पाचवा हिस्सा, पुढे चौथा.

ज्यूंची दुकाने व कारखाने इतरांनी मातीमोलाने घेतले. २५ नोव्हेंबर १९४१ च्या फर्मानानुसार देशाबाहेर धाडलेल्या ज्यूचे नागरिकत्व आपोआप संपुष्टात येऊन त्याची मालमत्ता सरकारजमा होऊ लागली. हॅम्बुर्गमध्ये अशा कुटुंबांच्या घरसामानाचे जाहीर लिलाव होत आणि सामान्य गृहस्थ त्यात बोली लावीत. रेल्वेखाते मृत्यूच्या प्रवासाचेही भाडे आकारी. आउश्वित्झ येथे आय. जी. फार्बेन ही कंपनी अकुशल कैद्यामागे दिवसाला ३ व कुशल कैद्यामागे ४ मार्क एस. एस. संघटनेला देई, कैद्याच्या हाती काहीच पडत नसे.

यावरून सारा संहार नफ्यासाठी झाला, असा निष्कर्ष काढणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. महायुद्ध ऐन भरात असताना, मजुरांचा तुटवडा असताना कसबी कामगारांना ठार मारणे कोणत्याही आर्थिक हिशेबात बसत नाही. द्वेषाने दिशा ठरवली; लाभाने इतरांचे मौन विकत घेतले. शेजाऱ्याचे कपाट स्वस्तात घरी आणणारा माणस तो शेजारी कोठे गेला, हे विचारण्यास सहसा धजावत नाही.

सुमारे ६० लक्ष ज्यू मारले गेले. तेव्हा प्रतिकार अशक्य होऊन बसला होता. तो शक्य होता, तो जन्म पाहून माणसांची व त्यांच्या मालमत्तेची पहिली यादी मागितली गेली तेव्हा. लोकशाहीच्या रक्षकांनी कारकुनाच्या टेबलावरील त्या कोऱ्या फॉर्मचीच अधिक धास्ती बाळगली पाहिजे.