चित्र संगणकाचे, हक्क कुणाचा?

नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी 1870 साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचे नाव निघाले की 1913 सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. त्याआधी, 1912 साली, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखविली होती; पुढे काड्यापेटीतील काड्या तसूतसूने सरकवून ‘आगकाड्यांची मौज’ही निर्माण केली. निर्जीवाला चालते करण्याची हीच कला आज संगणकाच्या हाती आली आहे.

सेकंदाला 24 चौकटी या हिशेबाने दीड तासाच्या चित्रपटास 1 लाख 29 हजार 600 चौकटी लागतात. कलावंताने मोक्याच्या मुद्रा ठरवाव्यात आणि मधल्या हालचाली व छायाप्रकाश संगणकाने गणित करून पुरे करावेत, अशी आता श्रमविभागणी झाली आहे. श्रम वाचले, हे खरे. परंतु कलावंताचे स्थैर्य त्यामुळे वाढले काय?

‘लाइफ ऑफ पाय’मधील वाघ संगणकावर घडविण्यात ज्या अमेरिकी कंपनीचा मोठा वाटा होता, तिची शाखा मुंबईतही होती. 2013 च्या फेब्रुवारीत त्या कामाला ऑस्कर मिळाले आणि त्याच महिन्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ठरीव मोबदल्यावर काम करणाऱ्याला चित्रपटाच्या यशात वाटा नसतो. काम लांबले तर तोटा मात्र त्याचाच. फाळक्यांनी पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण टाकले. जोखीम त्यांची होती, तसे चित्रही त्यांचेच होते.

आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. चित्रपटातील लेखन व संगीत यांचा चित्रपटगृहाबाहेर वापर झाल्यास त्यांच्या कर्त्यांना मिळणारा स्वामित्वधनाचा वाटा करारानेही हिरावून घेता येणार नाही, असे ठरले. चित्रकाराच्या रेखाटनाला मात्र ते संरक्षण मिळाले नाही. शेकडो हातांच्या कामात वाटा कसा मोजावा, हा आक्षेप रास्त आहे. तथापि, मूळ पात्राची आकृती कुणी निर्मिली हे सहसा सांगता येते. प्रारंभ तेथून करता येईल.

आता तर चार शब्द लिहिताच यंत्र चित्र काढून देते. केवळ हातकामाची मजुरी त्यामुळे घटणारच. म्हणून हे संरक्षण चित्रकारापर्यंत न्यावे, आणि नाशिकसारख्या शहरांत हा व्यवसाय शिकणाऱ्या मुलामुलींना संगणकाबरोबर रेखाटन, कथारचना व करारनामा वाचण्याचे शिक्षणही मिळावे. एरवी फाळक्यांच्या जिल्ह्यातून कुशल मजूर निघतील, निर्माते निघणार नाहीत.