पावती म्हणजे पट्टा नव्हे

खामगाव, मलकापूर, चिखली येथे नझुलाच्या जागेवर घर उभारून राहिलेल्या बंधुभगिनींनो, ‘अतिक्रमण नियमित झाले’ एवढ्याच शब्दांवर तुम्ही संतुष्ट राहणार काय? घरपट्टीची पावती ही कर भरल्याचा पुरावा होय, मालकीचा नव्हे.

२०१८ साली महाराष्ट्र शासनाने ‘सर्वांसाठी घरे’ या धोरणाखाली शासकीय जमिनीवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. निर्णय चांगलाच. पण निर्णय मुंबईत होतो आणि मोजणी गल्लीत व्हावी लागते! मोजणी नाही म्हणून नकाशा नाही, नकाशा नाही म्हणून पट्टा नाही; आणि निवडणूक आली की पुढारी तोच पट्टा जणू स्वतःच्या सातबाऱ्यातून तोडून दिल्याच्या थाटात मंडपात वाटतो. हा उपकार कुणाचा कुणावर?

ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत मानला. पदपथावरील झोपडीला मात्र मालकी दिली नाही. सहानुभूतीच्या वाक्यांची दरखास्त दाखल करता येत नाही, हे आम्हां वकिलांस पुरते ठाऊक आहे.

म्हणून तोंडी आश्वासन घेऊन परतू नका. वस्तीने एकत्र अर्ज करावा, प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी, मोजणीची तारीख लेखी मागावी. पट्टा पतिपत्नी दोघांच्या नावे मागा. चतुःसीमा व क्षेत्रफळ वाचून घेतल्याखेरीज त्यावर अंगठा उठवू नका, आणि तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या.