घरी सांगण्याची घाई

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले परस्परसंमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७मधून वगळले. कायद्याच्या लेखी गुन्हा संपला. मात्र शाळेत 'बायल्या' म्हणून हिणवल्या गेलेल्या मुलाच्या मनातली अपराधी भावना निकालाने पुसली जात नाही. पुढे हिणवणारे पांगतात, पण तो स्वतःच आपल्या चालीवर, आवाजावर, हातवाऱ्यांवर पाळत ठेवू लागतो. त्यावर उपाय काय, याबाबत समंजस माणसांतही मतभेद आहेत.

काहींच्या मते घरी सांगून मोकळं व्हावं. 'खरं कळलं तर यांचं प्रेम आटेल' ही धास्ती मिळालेली मायाही अंगी लागू देत नाही. कौतुक झालं तरी ते दुसऱ्याच कुणाचं वाटतं. या म्हणण्यात वजन आहे. अमेरिकी संशोधक इलान मायर यांनी २००३मध्ये मांडलेल्या 'अल्पसंख्याक ताणा'च्या प्रारूपातही लपवणं हा ताणाचा एक स्रोत मानला आहे.

दुसरीकडे, सांगण्याची किंमत मोजावी लागते ती त्यालाच. कॉलेजची फी आणि खोलीचं भाडं वडील भरत असतील, तर त्याच्या गप्प राहण्याला भित्रेपणा म्हणणं अन्यायाचं ठरेल. कळल्यावर कुणी डॉक्टर गाठतं, कुणी बाबा-बुवा, तर कुणी थेट स्थळं बघू लागतं. उभयलिंगी मुलाची पंचाईत निराळीच. 'मुलीही आवडतात ना? मग करून टाक लग्न,' असं घरचे म्हणतात. समलिंगी मित्रांनाही तो धड इकडचा ना तिकडचा वाटतो.

पालकांचीही बाजू आहे. धाकट्या मुलीचं लग्न जमवायचं असलेल्या घरात 'लोक काय म्हणतील' हा धाक खराच असतो. तो मुलाच्या डोक्यावर ठेवणं मात्र रास्त नाही.

आमचा कल सबुरीकडे आहे. घरी केव्हा सांगायचं, हे मुलानेच ठरवावं. तथापि, जगात एकालाही ठाऊक नसलेलं मौन घातक; एखादा भरवशाचा मित्र, समुपदेशक किंवा मुंबईत १९९४पासून काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टसारखी संस्था, इथून सुरुवात करता येते.

डॉक्टरांबाबत मात्र दोन मतांना जागा नाही. लैंगिक कल बदलण्याचे उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. असे उपचार कुणी सुचवले, तर पालकांनी मुलाला घेऊन तिथून उठावं आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करावी.