डाळ बोलावते, डबा कमावतो



महिन्याचा पहिला रविवार आला की आमच्या वसईत एकच प्रश्न ऐकू येतो, "डी-मार्टला जाऊन आलात का?" आणि भरलेल्या पिशव्या घेऊन रिक्षातून उतरणारी प्रत्येक जण म्हणते, "पुष्कळ वाचले हो!" माझे भांडण आहे ते या वाक्याशी.

आधी दुकानाच्या बाजूने बोलते. राधाकिशन दमाणींनी २००२ साली पवईत पहिले डी-मार्ट काढले. बहुतेक जागा भाड्याच्या नव्हेत, स्वतःच्या. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे, म्हणून मालही स्वस्त मिळतो. सजावट बेताची. त्यामुळे डाळ, तेल, साखर खरोखरच कमी भावात मिळते. यात फसवणूक नाही.

पण नुसत्या डाळीवर धंदा चालत नाही. किराण्यात नफा पातळ. बादल्या, टॉवेल, पायपुसणी, डबे, कपडे यांत तो जास्त. डी-मार्टच्या विक्रीत अशा मालाचा वाटा साधारण पाव हिश्शाच्या आसपास असतो आणि तो घटला की नफ्याला झळ बसते. म्हणजे डाळ आपल्याला बोलावते, आणि डबा दुकानाला कमावून देतो.

"पण छापील किमतीपेक्षा कमीच दिले ना?" अहो, ती कमाल किंमत, आणि ती ठरवतो माल बनवणाराच. त्या आकड्यावरून मोजलेल्या सुटीला बचत कसे म्हणायचे? गरज नसताना दोनशेचा डबा दीडशेला आणला, तर पन्नास वाचले नाहीत, दीडशे गेले.

आपल्याकडे परिग्रह-परिमाण हे श्रावकाचे पाचवे अणुव्रत आहे. १४ नियम धारण करणारी माणसे आज खायचे पदार्थ किती, वस्त्रे किती, पायताणे किती, हे रोज सकाळी मोजून ठरवतात. आणि आपण? मुंबईत परवडत नाही म्हणून वसईत कर्ज काढून वन बीएचके घ्यायचा, आणि त्यातला माळा रिकाम्या डब्यांना राहायला द्यायचा!

स्वस्ताईसाठी एवढे करावे लागत नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच दाखवते आहे. शेजारची घरे मिळून संघ करतात, महिन्याची यादी आधी लिहून देतात, माल घाऊक येतो आणि वाटला जातो. तिथे यादी आधी, वस्तू नंतर. वाटेत मोह पाडायला टबांची रांग नसते.

या महिन्याचे बिल काढा. यादीत नसलेल्या वस्तूंपुढे खूण करा आणि त्यांची बेरीज मांडा. मग ती 'वाचलेल्या' रकमेशेजारी ठेवून बघा. बेरीज मोठी निघाली, तर पुढच्या वेळी ट्रॉली घेऊ नका. घरची एक पिशवी न्या, आणि ती भरली की परत फिरा.