शेवाळाचा हिशेब

माझा मुलगा तीन वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त जर्मनीला गेला. जाताना त्याने फ्रिज शेजाऱ्यांना दिला, मोटारसायकल मित्राला विकली आणि समुद्र माझ्या गळ्यात बांधला. समुद्र म्हणजे चार फूट लांबीची काचेची पेटी. तीत अडीचशे लिटर खारे पाणी, सच्छिद्र खडक, वाऱ्यावर डुलल्यासारखी हलणारी मऊ पोवळी आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी. ‘‘बाबा, फक्त पाण्याकडे लक्ष ठेवा, बाकी ते सगळं आपोआप चालतं,’’ असे सांगून तो विमानात बसला. बत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला ‘आपोआप चालते’ या शब्दांचा अर्थ कळायला हवा होता. आपोआप चालणारी खातीच पुढे बुडीत निघतात.

नागपूरसारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहरात समुद्र सांभाळणे हा तसा आडमुठेपणाच. लिटरमागे पस्तीस ग्रॅम या हिशेबाने मीठ मोजायचे, ते विरघळवायचे, दर पंधरवड्याला थोडे पाणी काढून नवे घालायचे. तरीही पहिले चार महिने मजेत गेले. संध्याकाळी निळा दिवा लागला की आमच्या सोसायटीतली मुले घरात गर्दी करीत. नंतर एका सकाळी खडकावर केसासारखी हिरवी लव दिसली. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘अहो, किती छान दिसतंय, हिरवळ आल्यासारखं!’’ तीन आठवड्यांत त्या हिरवळीने पोवळ्यांचा गळा धरला. काचेवर तपकिरी थर आला. वाळूवर तांबडी, चिकट साय पसरली. मी रोज घासून काढी, ते रोज वाढे.

माणूस घाबरला की औषध शोधतो. मीही शोधले. एका दुकानदाराने बाटली दिली. ‘तीन दिवसांत शेवाळ साफ’ असे तिच्यावर लिहिले होते आणि ते खोटे नव्हते. तीन दिवसांत शेवाळ खरोखरच मेले. चौथ्या दिवशी ते कुजू लागले, पाण्यातला प्राणवायू खाऊ लागले, घरभर वास सुटला. जोडीतला एक मासा गेला आणि सर्वांत मोठे पोवळे मेणासारखे वितळले. महिन्याभरात शेवाळ पुन्हा हजर झाले, पहिल्यापेक्षा दाट. त्याने पाण्यातून जे जे खाल्ले होते, ते मरताना पुन्हा पाण्यातच सोडले होते. मी कर्ज फेडले नव्हते, नुसते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवले होते.

मग मी बँकवाल्यासारखा हिशेबाला बसलो. पेटीत रोज काय जमा होते आणि बाहेर काय जाते? पाणी तपासण्याचे संच आणले. नायट्रेट आणि फॉस्फेट, दोन्ही चढलेले. जमेची बाजू पाहिली तर सगळा दोष माझाच होता. मी नळाचे पाणी वापरत होतो आणि त्यातली द्रव्ये मीठ घालून कुठे जात नाहीत. नातवंडांच्या वयाची मुले आली की ‘घाल रे थोडं खाणं’ म्हणून माशांना दिवसातून चार वेळा खाऊ घातले जात होते. दिवा चौदा तास जळत होता. आणि खर्चाची बाजू? फेस काढणारे यंत्र महिनाभर साफच केलेले नव्हते. शेवाळ हा माझा शत्रू नव्हताच. माझ्या हलगर्जीपणाचे ते छापील विवरणपत्र होते आणि मी ते फाडून टाकायच्या मागे लागलो होतो.

हे कळले त्या रात्री मला प्रतापगड आठवले.

साल 1985. मी गोंदिया भागातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात एका शाखेत अधिकारी होतो. तेव्हा तो भंडारा जिल्हा होता. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला वेगळा झाला. आमच्या शाखेच्या हद्दीत प्रतापगडचा डोंगर येई. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. एकाच डोंगरावर महादेवही आहे आणि दर्गाही. पायथ्याच्या परिसरात 1970च्या दशकापासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. आणि सगळीकडे धानाची बांधी व तलाव. कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी पाळी बांधून घडवलेले ते तलाव, लहान असतील तर बोड्या. जवळच नवेगावबांध. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून तिथे काढलेली वर्षे मराठी वाचकाला वेगळी सांगायला नकोत.

प्रतापगडच्या बाजूच्या एका तलावावर ढिवर बांधवांची मच्छीमार सोसायटी होती. तिच्या कर्जाचे प्रकरण माझ्या टेबलावर आले. त्या काळात मिश्र मत्स्यपालनाचा मोठा बोलबाला होता. कटला, रोहू, मृगळ, चंदेरी मासा, गवत्या मासा आणि सायप्रिनस अशा सहा जाती एकत्र सोडायच्या. पाण्यात शेणखत, युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकायचे, म्हणजे सूक्ष्म शेवाळ वाढते आणि त्यावर मासे वाढतात. तळाचे गवत मात्र आधी काढून टाकायचे. योजना कागदावर उत्तम होती. शेततळ्यासाठी ती चुकीचीही नव्हती. पण तो तलाव म्हणजे शेततळे नव्हता. तिथे गुरे पाणी पीत, बाया कमळाचे कंद काढत आणि हिवाळ्यात परदेशी बदके उतरत.

पाहणीला गेलो तेव्हा सोसायटीतला एक म्हातारा पाळीवर उकिडवा बसला होता. तो म्हणाला, ‘‘साहेबजी, पान्यातलं गवत उपटलं का मासोरीचं घर उपटलं.’’ मी हसलो. तो अंगठाबहाद्दर आणि मी पदवीधर. अहवालात मी लिहिले, ‘तलावातील पाणवनस्पतींचे निर्मूलन आवश्यक.’ कर्ज मंजूर झाले. दोन वर्षे मासे भरपूर निघाले, हप्ते वेळेवर आले आणि मला वरिष्ठांकडून शाबासकीचे पत्रही मिळाले. 1988 साली माझी बदली झाली.

त्या तलावाकडे मी परत गेलो 2019 साली, एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाच्या निमित्ताने. पाणी वाटाण्याच्या आमटीसारखे हिरवे होते. काठाने बेशरमाची झुडपे माणसापेक्षा उंच माजली होती. म्हातारा केव्हाच गेला होता. त्याची सून भेटली. मरळ, मागूर आता दिसत नाही, बदके उतरत नाहीत, कमळ संपले, असे तिने सांगितले. तिने कोणाला दोष दिला नाही. माझे त्या तलावाशी काय नाते आहे हे तिला ठाऊक नव्हते आणि मी ते सांगितले नाही. ते आज इथे सांगतो आहे.

एका माझ्याच कर्जाने तलाव नासला असे मी म्हणणार नाही. तो उलट्या बाजूचा अहंकार होईल. 1950-51 मध्ये मालगुजारी गेली, मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे आणि लहान जिल्हा परिषदेकडे गेले आणि गावाची देखभालीची सवय सुटत गेली. शेतातले खत पावसाबरोबर तलावात येऊ लागले. उष्ण अमेरिकेतून आलेले बेशरम कोणी न लावता पसरले. पण सुपर फॉस्फेटची पोती ज्या कागदावर मंजूर झाली, त्यावर सही माझी होती. ज्या फॉस्फेटसाठी मी 1985 साली कर्ज दिले, तेच फॉस्फेट म्हातारपणी माझ्या दिवाणखान्यातल्या काचेत येऊन बसले, याला काय म्हणावे?

आणि हे त्या वेळी जगाला ठाऊक नव्हते असेही नाही. कॅनडात 1973 साली शास्त्रज्ञांनी एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातले, एकाच बाजूला फॉस्फरसही घातला. ती बाजू शेवाळाने हिरवीगार झाली, दुसरी स्वच्छ राहिली. उथळ तलावाची दोन रूपे असतात, हे नेदरलँड्सच्या मार्टेन शेफर यांनी 1990च्या दशकात मांडले. एका रूपात तळाला मुळे धरलेले गवत असते आणि पाणी नितळ, दुसऱ्यात गवत नाही आणि पाणी शेवाळाने गढूळ. एकदा गवत गेले की तलाव दुसऱ्या रूपात जातो आणि सहजासहजी परत येत नाही. पाळीवर बसलेल्या त्या म्हाताऱ्याने एका वाक्यात याहून वेगळे काय सांगितले होते?

समुद्रातही तेच. जमैकाच्या किनाऱ्यावरची पोवळ्यांची बेटे जगात प्रसिद्ध होती. शेवाळ खाणारे मासे तिथे पिढ्यान्‌पिढ्या बेसुमार पकडले गेले. ते काम मग काळ्या काट्यांच्या सागरी साळिंदराने एकट्याने उचलले. 1980 साली मोठे चक्रीवादळ झाले आणि 1983-84 मध्ये रोगाने ही साळिंदरे जवळजवळ नाहीशी झाली. जिथे निम्मा तळ जिवंत पोवळ्यांचा होता, तिथे 1990च्या दशकाच्या सुरुवातीला पाच टक्केही उरला नाही. बाकी सगळे शेवाळ. म्हणजे हिशेबाला दोन बाजू आहेत. पाण्यात काय येते ही एक, आणि आलेले खाणारे कोण उरले आहे ही दुसरी.

माझ्या पेटीत मी या दोन्ही बाजू सुधारल्या. ज्यांच्या घरी असा समुद्र आहे त्यांच्यासाठी सांगतो. बाटली बंद केली. नळाचे पाणी बंद करून क्षारविरहित शुद्ध पाण्यातच मीठ मिसळू लागलो. खाणे दिवसातून एकदा, तेही दोन मिनिटांत संपेल एवढेच. दिवा आठ तास. खडक एकेक करून बादलीतल्या खाऱ्या पाण्यात धरून दात घासायच्या ब्रशने साफ केले, म्हणजे उपटलेले शेवाळ पेटीत न राहता घराबाहेर गेले. शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई आणल्या. शेजारच्या छोट्या डब्यात तारेच्या गुंत्यासारखे दिसणारे एक चांगले शेवाळ मुद्दाम वाढवले. ते पाण्यातले अन्न खाते आणि दर महिन्याला मूठभर कापून टाकले की तेवढे अन्न कायमचे बाहेर जाते. शेवाळाला शेवाळानेच आवरायचे! पाच महिने लागले. पहिल्या दोन महिन्यांत काहीही फरक दिसला नाही. बहुतेक लोक नेमके तेव्हाच बाटलीकडे वळतात.

एक इशाराही द्यायला हवा. उत्साहाच्या भरात मी नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणू पाहत होतो. ते चुकीचे. पोवळ्यांनाही थोडे अन्न लागते, आणि पाणी अगदी उपाशी ठेवले तर त्याहून हट्टी, बुडबुडे धरणारी तपकिरी बुळबुळ येते. खाते शून्यावर आणायचे नसते, शिल्लक बेताची ठेवायची असते.

दुसरा इशारा कायद्याचा. एका विक्रेत्याने मला ‘आपल्याच समुद्रातलं, स्वस्तात देतो’ म्हणून दगडी पोवळे देऊ केले. आपल्या समुद्रातली दगडी पोवळी, काळे पोवळे, समुद्रपंखे यांना 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, म्हणजे वाघाच्या रांगेतले. आपल्या मालवणपाशी पोवळी आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचे नाव लावणारी ‘आंग्रिया बँक’ समुद्राखाली पसरलेली आहे. मी आयुष्यभर बँकेत राहिलो, पण या बँकेची ठेव मोडायचा अधिकार आपल्यापैकी कोणालाच नाही. माझी पेटी आहे तेवढीच राहील. नवे काही आणणार नाही.

पण हा लेख काचेच्या पेटीसाठी नाही. दर उन्हाळ्यात पुण्याच्या नद्यांवर जलपर्णी येते, तिचे कंत्राट निघते, पैसे खर्च होतात आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा येते. कोल्हापूरचा रंकाळा सांडपाण्याने हिरवा झालेला लोकांनी पाहिला आहे. नागपूरचा अंबाझरीही जलपर्णीने ग्रासलेला पाहिला. आपण सगळीकडे बाटली ओततो आहोत. शेवाळ काढण्यावर पैसा आहे, पण नाला अडवण्यावर नाही, कारण काढताना छायाचित्र निघते, अडवताना निघत नाही. तलावातला गाळ यंत्राने वाटेल तसा उपसला की तळाला खड्डे पडतात आणि मुळे धरायला जागाच राहत नाही. खोली वाढली म्हणजे तलाव सुधारला, असे समजणारा हिशेब अर्धवट आहे.

दुसरा रस्ता आहे, आणि तो माझ्याच जुन्या तालुक्यात सापडला. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवर समाजातले स्त्री-पुरुष यांनी गेल्या दोन दशकांत अर्जुनी मोरगाव भागातल्या तलावांतून बेशरम मुळासकट काढले. तळाची जमीन तयार केली, स्थानिक पाणवनस्पती परत लावल्या, स्थानिक माशांना जागा दिली. अनेक ठिकाणी चिखलात उतरणाऱ्या बायाच होत्या. कोणते गवत कोणत्या माशाला लागते, हे ज्ञान पुस्तकातून आलेले नव्हते. पाळीवर उकिडव्या बसणाऱ्या माणसांकडून आले होते. माझ्यासारख्या सह्या करणाऱ्यांनी ते चाळीस वर्षांपूर्वी ऐकले असते, तर आज लावण्याची वेळच आली नसती.

म्हणून माझे मागणे साधे आहे. तलावासाठी एक रुपयाही मंजूर करण्यापूर्वी त्यात काय येते आणि त्यात कोण जगते, याचे एक पान अहवालाला जोडावे. आणि त्या पानावर अधिकाऱ्याच्या सहीशेजारी पाळीवरच्या माणसाचा अंगठा असावा.

परवा मुलाचा फोन आला. ‘‘बाबा, पाणी कसं आहे?’’ मी म्हटले, ‘‘नितळ आहे. कोपऱ्यात थोडं शेवाळ आहे, ते मी राहू दिलं आहे.’’ येत्या महाशिवरात्रीला प्रतापगडला जाण्याचा विचार आहे. त्या सुनेला भेटायचे आहे. या खेपेला माझे नाव आणि हुद्दा आधी सांगेन, मग तलावाची चौकशी करेन.