भाडे कोठे वाढते?

भाडे महागले, ही तक्रार आमच्या पेढ्यांवर नित्य ऐकू येते आणि तिचा रोख बहुधा हुंडेकऱ्यावर असतो. आमचे मत निराळे आहे. बेळगावचा भाजीपाला घेऊन घाट उतरून गोव्यात गेलेली गाडी पुष्कळदा रिकामीच परतते. त्या परतीच्या डिझेलाचा खर्च जाण्याच्या भाड्यातच मिळविलेला असतो. गोव्यातील कारखान्यांतून माल आणविणारे व्यापारी आपल्यातच आहेत. परंतु आपली आवक शेजारच्या पेढीस कळू नये, ही आपली जुनी खोड! (हमालांना ती आधीच ठाऊक असते, हा भाग वेगळा.) शिवाय गाडी दारी उभी असता गोदामाची किल्ली शोधण्यात जो अर्धा दिवस जातो, तोही भाड्यावरच चढतो.

यावर उतारा म्हणून कित्येक जण जादा वजन भरतात. २०१९ च्या सुधारणेनुसार मोटार वाहन कायद्यात त्यास २०,००० रुपये दंड आहे आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. दंड एक वेळ भरता येईल. पण घाटात ब्रेक निकामी झाले तर जीव चालकाचा जातो. अशा बचतीस आम्ही नफा म्हणणार नाही.

संघाच्या कचेरीत परतीच्या मालाची एक वही ठेवावी. पहिली नोंद आम्ही करू.